गुडघ्याला बाशिंग

पत्र थोडं आवरून देते आहे. नाव, गाव अर्थातच वगळलं आहे.

«ताई, मी 20 वर्षांची, सांगली जिल्ह्यातली. कबड्डी खेळते, चढाईपटू आहे. फेब्रुवारीत मॅटवर बोनसला पाय टाकून मागे वळताना डावा गुडघा सटकला, कट्ट आवाज आला. 12 मार्चला दुर्बिणीतून एसीएलचं, म्हणजे गुडघ्यात दोन हाडं बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, ऑपरेशन झालं. ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा आहे. आता साडेसहा महिने झाले. दुखत नाही, सूज नाही, रोज 4 किलोमीटर पळते. ऑपरेशनवाले डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनंतर हळूहळू खेळायला हरकत नाही. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जिल्हा संघाची निवड चाचणी आहे. सर म्हणतात, चार-पाच चढाया मार, नाव लागू दे, पुढचं पुढे. दादा म्हणतो, विनेश फोगट सहा महिन्यांत मॅटवर होती. आप्पा म्हणतात, कबड्डीच बंद कर. मला खेळाडू कोट्यातून पोलीस भरतीला उतरायचं आहे, म्हणून हे वर्ष वाया घालवायचं नाही. ब्रेस घालून खेळले तर चालेल का?»

तुला उत्तराची घाई आहे, म्हणून आधी उत्तर देते. ऑक्टोबरची चाचणी सोड. चार चढायासुद्धा नकोत. डिसेंबरच्या 12 तारखेला तुझे नऊ महिने पूर्ण होतात. त्याआधी झटापटीची कबड्डी नाही आणि त्यानंतरही कॅलेंडर सांगतं म्हणून नाही, गुडघा चाचण्यांत पास झाला तरच. तुझा गुडघा मी हाताने तपासलेला नाही, त्यामुळे मी उंटावरून शेळ्या हाकते आहे हे मला कळतं. पण एवढं सांगायला गुडघा बघायची गरज नाही.

आता का, ते. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, जे मी गेली कित्येक वर्षं जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या तोंडून ऐकते: «दुखत नाही.» तुझा ग्राफ्ट म्हणजे तुझ्याच मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन. डॉक्टरांनी ती काढली, दुमडून जाड केली, हाडात बोगदे पाडून आत ओवली आणि पक्की केली. बसवल्या दिवशी ती चांगली मजबूत असते. मग तिचा मूळ रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे आतल्या पेशी मरतात, शरीर हळूहळू नव्या पेशी आणि नव्या रक्तवाहिन्या आत पाठवतं आणि त्या टेंडनला लिगामेंटसारखं काम शिकवतं. या उलथापालथीत साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला ग्राफ्ट सर्वांत कमजोर असतो, आणि गंमत म्हणजे नेमक्या त्याच काळात पेशंटला वाटायला लागतं, आता मी बरी झाले. पुढे त्याची ताकद वाढत जाते, पण पूर्ण मुरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. या सगळ्या काळात तो दुखत नाही. त्यामुळे दुखणं थांबलं याचा अर्थ जखम भरली एवढाच. ग्राफ्ट पिकला का, हे दुखण्यावरून कळत नाही. एमआरआयमध्ये तो अखंड दिसला तरी त्याला किती ताण सोसेल ते फोटोत दिसत नाही.

तुझ्या डॉक्टरांचंही मी चूक म्हणणार नाही. त्यांचं वाक्य नीट वाच: «हळूहळू खेळायला हरकत नाही.» त्यांनी हळूहळू म्हटलं, तू खेळायला ऐकलंस, आणि सरांनी निवड चाचणी ऐकली. सहा महिन्यांनी जिना, दुचाकी, पळणं, हलका सराव हे सगळं बऱ्याच जणांना जमतं. चढाई ही वेगळी गोष्ट आहे.

एसीएल करतो काय? नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला पिळवटू देत नाही. तू 4 किलोमीटर सरळ पळतेस तेव्हा त्याला फारसं काम नसतं. आता तुझी चढाई डोळ्यांसमोर आण. निदानरेषा ओलांडलीस, बोनसवर पाय टाकलास, डाव्या कोपऱ्यातली बचावपटू घोट्याला आली, तू त्याच पायावर गर्रकन फिरलीस, बूट मॅटला चिकटलेला आणि वरचं सगळं अंग मध्यरेषेकडे. मातीत पाय थोडा घसरतो तरी. मॅटवर तो रोवला जातो आणि सगळी पीळ गुडघ्यात जाते. तुझा गुडघा फेब्रुवारीत असाच गेला, कुणी ढकललं नव्हतं. एसीएलच्या बऱ्याचशा दुखापती अशाच होतात, समोरच्याचा धक्का न लागता, वळताना नाहीतर उडीवरून उतरताना. म्हणून सरांचं «नुसत्या चार चढाया» हे मला पटत नाही. पहिलीच चढाई ती असू शकते.

नऊ महिने हा आकडा मी मनाने काढलेला नाही. ओस्लो आणि डेलावेअर इथल्या संशोधकांनी मिळून 106 खेळाडूंवर दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. वळणं-उड्या असलेल्या खेळांतले सगळे. 2016 साली त्यांनी मांडलं ते असं: नऊ महिन्यांपर्यंत जो जितका थांबला तितकं त्याचं भलं झालं. थांबलेल्या दर महिन्यागणिक पुन्हा गुडघा दुखावण्याचं प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी उतरत गेलं. नऊनंतर नुसतं थांबून आणखी फायदा दिसला नाही. दुसरं निरीक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पास न होता जे परतले त्यांच्यापैकी 38 टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पास होऊन परतलेल्यांत हे प्रमाण 6 टक्क्यांच्याही आत होतं. माणसं 106च होती, त्यामुळे दशांश चिन्हावर कुणी भांडू नये. पण स्वीडनमधल्या तरुण खेळाडूंच्या 2020च्या अभ्यासातही तेच निघालं: नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांत नव्या एसीएल दुखापतीचं प्रमाण जवळपास सातपट.

दादा खोटं बोलत नाही. विनेशचा डावा गुडघा 13 ऑगस्ट 2023 ला सरावात गेला, त्याच आठवड्यात मुंबईत ऑपरेशन झालं, आशियाई स्पर्धा हुकली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिने जयपूरला 55 किलोत राष्ट्रीय सुवर्ण घेतलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती पॅरिसला फायनलपर्यंत पोचली. थक्क करणारी गोष्ट आहे. पण ती तेव्हा 29 वर्षांची होती, ऑलिंपिक समोर होतं आणि रोज सोबत असणारी माणसं होती. तुझं वय 20. ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा, आणि दुसरा चांगला गुडघासुद्धा जाण्याचा धोका तरुण वयातच सर्वांत जास्त असतो, कारण तरुण पोरं परत जाऊन पूर्ण जोरात खेळतात. आणि सहाव्या महिन्यात उतरून ज्यांचा ग्राफ्ट तुटला, त्यांचं नाव दादाने कधी ऐकलेलं नसणार. त्यांची बातमी होत नाही. दादाला उदाहरणच हवं असेल तर ऋषभ पंतचं दे: 30 डिसेंबर 2022 चा अपघात, आयपीएलमध्ये पुनरागमन 23 मार्च 2024, म्हणजे जवळपास पंधरा महिने. त्याच्या गुडघ्यात एकाहून जास्त लिगामेंट गेली होती, म्हणून तीही तुझी तुलना नव्हे. फुटबॉलपटू नेमारला एसीएलनंतर साधारण वर्ष लागलं. प्रत्येक गुडघ्याचा हिशोब वेगळा असतो, एवढं दादाला यावरून पटावं.

मी हे सगळं शहाणपणाच्या तोऱ्यात सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक खो-खोची मुलगी होती. सातवा महिना. दुखत नव्हतं, सूज नव्हती, राज्य स्पर्धा तोंडावर. मी जिमच्या फरशीवर खडूने रेघ मारली, टेप पसरला आणि तिला एका पायावर लांब उडी मारायला लावली. चांगल्या पायाने 1 मीटर 50, ऑपरेशनच्या पायाने 1 मीटर 38. भागाकार केला, 92 टक्के. नव्वद लागतात, ही बाई पास. मी कागदावर सही केली. तिसऱ्या सामन्यात खांबापाशी वळताना ग्राफ्ट गेला. नंतर तिचा जुना व्हिडिओ मी लावून बघितला, तेव्हा दिसलं जे मी त्या दिवशी बघायला हवं होतं. चांगल्या पायावर ती उतरायची तेव्हा गुडघा छान वाकायचा, मांडी भार झेलायची. ऑपरेशनच्या पायावर उतरताना गुडघा जवळजवळ ताठ, कंबरेतून पुढे झुकलेली, सगळा भार खुब्याने घेतलेला. लांब उडी मारायला घोटा आणि खुबा पुरतात. गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना असते, आणि मी फक्त टेपकडे बघत होते. मांडीच्या मशीनवर तर मी तिला बसवलंच नव्हतं. ती पुन्हा खेळली नाही. मला अजून दिवाळीला मेसेज करते, आणि तो वाचताना मला बरं वाटत नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी मांडीची ताकद, मग उडी, आणि सोबत फोनचा कॅमेरा.

तुझ्या तालुक्यात आयसोकायनेटिक मशीन, म्हणजे ठरावीक वेगाला स्नायूची ताकद मोजणारं यंत्र, नसणार. पुण्या-मुंबईत मोठ्या केंद्रांत असतं. नवव्या महिन्यात एकदा जाता आलं तर उत्तम, नाही जमलं तर अडून बसू नकोस. साध्या जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं मशीन असतंच, खुर्चीत बसून नडगीने पॅड वर उचलायचं ते. हे मशीन ग्राफ्टला घातक असं अजूनही बरेच जण मानतात. सुरुवातीच्या महिन्यांत गुडघा पूर्ण सरळ करेपर्यंत जड वजन ओढू नये हे खरं, पण तुझ्या टप्प्यावर 90 अंशांपासून 45 पर्यंतच्या पट्ट्यात ते चालतं. तरी तुझ्या फिजिओला विचारूनच बस. एका वेळी एकच पाय. चांगल्या पायाने दहा वेळा नीट, झटका न देता किती किलो उचलता येतात ते लिही. मग डाव्याने. उजवा 30 किलो उचलत असेल तर डाव्याने किमान 27 उचलायला हवेत. मला खात्री आहे, पहिल्या दिवशी तू चक्रावशील. चालताना, पळताना दोन्ही पाय सारखे वाटणाऱ्या मुली या मशीनवर 30 आणि 19 अशा निघतात. गुडघा उघडला की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूचा आवाज बारीक करून ठेवतो, आणि तो पुन्हा वाढवायला महिने लागतात. टेपने मांडीचा घेर मोजलास तरी फरक दिसेल.

एक मेख मात्र आहे. तुझा उजवा पायही सात महिने कबड्डी खेळलेला नाही. तोही उतरलाय. म्हणजे डावा पाय एका आजारी भावाशी स्पर्धा करतोय. म्हणून उजव्याचा आकडाही महिन्यागणिक वाढायला हवा. ऑपरेशनआधी कुणी ताकद मोजून ठेवली असेल तर तो आकडा मिळव. बहुधा नसेल, आपल्याकडे कुणी मोजत नाही.

तुझ्या बाबतीत मागच्या स्नायूकडेही जास्त लक्ष हवं, कारण दोरी तिथूनच काढली आहे. गुडघा खोल वाकवून टाच ढुंगणाकडे ओढायची ताकद अशा मुलींमध्ये बराच काळ कमी राहते. आणि मागून कुणी कमरेला किंवा मांडीला धरलं की तू कशाने ओढतेस स्वतःला मध्यरेषेकडे? याच स्नायूंनी. शिवाय हॅमस्ट्रिंग नडगीला मागे खेचून धरतं, म्हणजे ग्राफ्टचा हा सख्खा मदतनीस आहे. पाठीवर झोपून, टाच बाकावर ठेवून एका पायावर कंबर उचलायची. दोन्ही बाजूंनी किती वेळा होतं ते मोज. उताणं झालं की पालथं झोपून, घोट्याला बँड बांधून टाच ओढायची.

ताकद जुळली की उड्या. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेघेच्या आडव्या-तिडव्या तीन उड्या आणि 6 मीटर घड्याळ लावून. चारही नव्वद टक्क्यांच्या वर. त्यात मी एका पायाची उभी उडीसुद्धा घेते, कारण तिथे गुडघ्याला चोरी करता येत नाही. प्रत्येक उडीनंतर उतरलेल्या जागी दोन सेकंद पुतळा व्हायचं; डगमगलीस तर उडी बाद. भावाला फोन घेऊन एकदा समोर आणि एकदा बाजूला उभं कर. समोरून बघताना गुडघा आतल्या अंगाला पडतो का, बाजूने बघताना दोन्ही गुडघे सारखे वाकतात का. दादाला काम हवंच आहे, हे काम दे.

आणि हे सगळं ताज्या पायांवर एकदा झालं की, सराव संपल्यावर, दमलेल्या पायांवर पुन्हा. सामन्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत तुझा गुडघा कसा वागतो ते जिममध्ये सकाळी सातला कळत नाही.

डोक्याचा भागही मोजता येतो. एसीएल-आरएसआय नावाची 12 प्रश्नांची एक यादी आहे, ऑस्ट्रेलियात तयार झालेली. भीती वाटते का, खेळताना गुडघ्याचा विचार येतो का, पुन्हा तसंच झालं तर काय, अशा अंगाचे प्रश्न, गुण शून्य ते शंभर. फिजिओकडे मिळेल. पण यादी नसली तरी मी एक गोष्ट बघते: मुलगी चढाईला निघताना प्रतिस्पर्ध्यांकडे बघते की एकदा खाली, स्वतःच्या गुडघ्याकडे. खाली बघणारी अजून तयार नाही. त्यात लाज नाही. नुसती ताकद भरून ही भीती जात नाही, ती मैदानावर पायरी पायरीने जाते.

त्या पायऱ्या अशा लाव. ऑक्टोबर-नोव्हेंबर झटापट नाही. सरळ धावणं, मग आठच्या आकड्यात, मग खुणेवर वळणं, आधीपासून ठरलेल्या दिशेला. नंतर कुणीतरी हात दाखवेल त्या दिशेला, म्हणजे वळण आयत्या वेळी ठरणार. रिकाम्या मॅटवर समोर कुणी नसताना चढाई, बोनसला पाय, मागे फिरणं, सगळं अर्ध्या वेगात. फ्रॉग जंपचा, म्हणजे बचावपटूवरून उडी मारण्याचा, आत्ता विचारही नको. डिसेंबरात चाचण्या पास झालीस तर समोर एक बचावपटू, तिने फक्त हाताने स्पर्श करायचा. मग एक कोपरा आणि घोट्याची पकड, आधी सांगून. मग न सांगता. मग साखळी, मग सात जणी. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बघायचा. वाटीच्या बाजूची खळगी भरली असेल, पाणी धरलं असेल, तर एक पायरी खाली. सूज खोटं बोलत नाही, खेळाडू बोलतो. या सगळ्यातून सामन्यापर्यंत यायला जानेवारी उजाडेल, कदाचित फेब्रुवारी. क्रीडावैद्यकातल्या लोकांनी 2015 मध्ये बर्नला बसून हेच ठरवलं होतं की सरावात परतणं, सामन्यात परतणं आणि पूर्वीसारखं खेळणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर पहिलीला तिसरी समजतायत.

सरांशी भांडू नकोस. त्यांना संघ उभा करायचा आहे आणि तुझ्याशिवाय चढाई लंगडी आहे, हे त्यांचं दुःख खरं आहे. पण ज्याला तुझ्या खेळण्यातून निकाल हवा आहे त्याने एकट्याने हा निर्णय घ्यायचा नसतो. डॉक्टर, फिजिओ, सर आणि तू, चौघांसमोर तेच आकडे असले पाहिजेत. एक वही कर. तारीख, किलो, उड्यांचे सेंटिमीटर, सकाळची सूज. सरांना वही दाखव. «मी नाही म्हणते» यापेक्षा «19 किलो आहे, 27 व्हायचेत» हे कोणत्याही प्रशिक्षकाला लवकर कळतं.

अजून एक काम आजच कर. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड काढ आणि त्यात मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली गादी, याबद्दल काय लिहिलंय ते वाच. नुसती तासली असेल तर फार फरक पडत नाही. टाके घालून शिवली असेल तर खोल बैठका, पकडीत गुडघा दुमडला जाणं, या सगळ्याचं वेळापत्रक बदलतं आणि मी वर दिलेला क्रम जसाच्या तसा तुला लागू होत नाही. तू पत्रात हे लिहिलंच नाहीस, आणि फार कमी जण लिहितात.

आता आप्पा. ते चिडलेत असं तुला वाटतं, मला ते घाबरलेले वाटतात. फेब्रुवारीत तुला उचलून आणलेलं त्यांनी पाहिलंय, बिलही त्यांनीच भरलंय. त्यांना खोटी हमी देऊ नकोस. जगभरच्या अभ्यासांची 2014 मध्ये बेरीज केली तेव्हा दिसलं की या ऑपरेशननंतर 81 टक्के लोक कोणत्या ना कोणत्या खेळाकडे परततात, पण आधीच्या पातळीवर 65 टक्के आणि स्पर्धेत 55 टक्केच. म्हणजे तू परत खेळशील याची शक्यता चांगली आहे, खात्री नाही. हे आकडे त्यांना तसेच सांग. «डिसेंबरच्या आत मी मॅटवर झटापट करणार नाही, आणि चाचणीत नापास झाले तर जानेवारीतही नाही» असा शब्द दे. बंदीपेक्षा अट मान्य करणं बापाला सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

भरतीचं गणित मला कळतं. 5 टक्के खेळाडू आरक्षण, प्रमाणपत्र कोणत्या स्तरावरचं, पडताळणी कधी, यात एकेक हंगाम मोलाचा असतो. पण शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर पळायचं असतं, गोळा फेकायचा असतो. ऑक्टोबरात ग्राफ्ट तुटला तर दुसरं ऑपरेशन, पुन्हा वर्ष, आणि प्रमाणपत्रही नाही आणि 800 मीटरही नाही. दुसऱ्यांदा केलेल्या ऑपरेशनचा निकाल पहिल्याइतका चांगला सहसा येत नाही. एक हंगाम वाचवायला जाऊन दोन-तीन घालवण्याचा हा सौदा आहे. आपल्याकडे उतावळ्या नवऱ्याच्या गुडघ्यालाच बाशिंग का बांधलं, ते मला या धंद्यात पडल्यावर कळलं.

चाचणीच्या दिवशी घरी रडत बसू नकोस. मैदानावर जा, गुणलेखकाच्या शेजारी बस आणि फक्त कोपऱ्यांचे पाय बघ. कोणती मुलगी कोणत्या पायावर भार टाकून घोट्याला येते, कोण उशिरा उठते, कोण बोनसला फसते. खेळताना हे दिसत नाही. जानेवारीत यातल्याच मुली तुझ्यासमोर असतील.

राहिला ब्रेस. बाजारात मिळणारी कापडी नी कॅप गुडघ्याला ऊब देते आणि मनाला धीर. दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला महागडा ब्रेस घातल्यानेही ग्राफ्ट पुन्हा तुटत नाही, असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय कबड्डीत कडक धातूचा ब्रेस समोरच्या मुलीला लागेल, पंच उतरू देणार नाहीत. त्या ब्रेसला तू जे पैसे बाजूला ठेवले असशील, ते डिसेंबरपर्यंतच्या जिमच्या फीला लाव. जिथे लेग एक्स्टेन्शनचं मशीन चालू स्थितीत आहे अशीच जिम बघ, बऱ्याच ठिकाणी त्यावर टॉवेल वाळत असतात.